उपकारस्तुतीचं पाकीट

अकरा वर्षं दर रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब आधी आजाऱ्यांसाठी, मग दहावीच्या मुलांसाठी आणि शेवटी न चुकता, "हे प्रभू, आमच्या शलोमी भगिनीला योग्य जोडीदार दे," अशी प्रार्थना करायचे. नाशिकरोडची ती सगळी मंडळी डोळे मिटून "आमेन" म्हणायची आणि शलोमीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी, स्वतःची लूना, कुणाला न विचारता रांधलेलं बोंबलाचं कालवण. ती काय तापानं फणफणली होती, की गणितात नापास झाली होती? माझं नाव घेऊ नका म्हणून तिनं दोनदा सांगून पाहिलं, तर पाळकीणबाई म्हणाल्या, "अशी चिडतेस ना, म्हणूनच जमत नाही गं तुझं."

त्या रविवारी शलोमी नवी साडी नेसून आली आणि दानाच्या थैलीत तिनं उपकारस्तुतीचं पाकीट टाकलं. प्रार्थना फळाला आली की असं पाकीट द्यायचं आणि आतली चिठ्ठी पाळकांनी सगळ्यांसमोर वाचायची, ही तिथली रीतच होती. तिचं नाव पुकारताच बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. पाळकीणबाईंनी तर पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांनी आधी मनात न वाचताच, हर्षभरानं खणखणीत आवाज लावला:


"माझं लग्न जमावं म्हणून अकरा वर्षं सगळी मंडळी प्रार्थना करत होती आणि जमू नये म्हणून मी एकटी. देवानं माझी ऐकली."