सात की सोळा

थोरलीने तिसऱ्यांदा काटा सात अंशांवर आणला. मोजणीयंत्र ढिम्म.

"अरे, बोल ना बाबा," ती पुटपुटली.

प्रात्यक्षिक परीक्षेचा प्रश्न एका ओळीचा होता: क्ष-किरण नळीत कोणता धातू आहे ते ओळखा. प्रत्येक धातूचे किरण समोरच्या स्फटिकावरून आपापल्या ठरलेल्या कोनावरच उसळी घेतात. कोन शोधायचा, तक्त्यात बघायचं, धातू लिहायचा. या नळीत मॉलिब्डेनम आहे, हे तर कॉलेजच्या मांजरालाही ठाऊक होतं. त्याची उसळी सातवर. आणि आज सातवर काही म्हणजे काही नाही! आकडे उसळत होते ते थेट सोळाजवळ. तक्त्यात सोळासमोर तांबं.

गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत थोरलीची बोबडी वळली, म्हणून यंदा ती धाकट्या बहिणीच्याच वर्गात. सकाळी चपला घालता घालता बाबा एवढंच म्हणाले होते, "या वेळी राहिलीस तर कॉलेज बंद." बाबा एकदा बोलले की बोलले.

दाराशी सर प्रयोगशाळेच्या शिपाईमामांची चौकशी करत होते. "बोट कसंय मामा?"

"आहे की. स्क्रू भलतेच घट्ट होते हो."

धाकटीची पाळी पाच मिनिटांत आटोपली होती. शेजारच्या टेबलावर ती मन लावून आलेख काढत होती.

"तुझं किती आलं गं?" थोरलीने हळूच विचारलं.

"सात."

"माझं सोळा येतंय."

"सोळा? वेड लागलंय का ताई? सगळ्यांचं सातच आहे."

"तू सातवर बघितलंस?"

"त्यात बघायचंय काय? तुझ्याच गेल्या वर्षीच्या वहीत आहे. अख्ख्या वर्गाने तीच उतरवली."

खरंच की. ते सात तिने स्वतःच मोजले होते. मग आजच कुठे माशी शिंकली? तिने पुन्हा काटा फिरवला. सोळा. काटा नीट धरवेना.

"नीट बघा. घाई नाही," सर मागून म्हणाले.

म्हणजे चुकलंच! नाहीतर सर कशाला टोकतील? मेली ही माझी बोटंच धड नाहीत, तिला वाटलं. तिने खोडरबर घेतला, सोळा खोडून सात केले, तांबं खोडून मॉलिब्डेनम लिहिलं. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

सरांनी पंचवीस वह्या एकेक करून पाहिल्या. थोरलीची शेवटची. खोडलेल्या जागेवर त्यांचा अंगठा जरा थांबला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पंचवीसच्या पंचवीस नापास," ते म्हणाले. "मामा, काल बसवलेली ती तांब्याची नळी काढा आता."