वीतभर उंच

जीपची मागची बाजू सकाळीच वर गेली होती, पुढची अजून खालीच होती. खाली बसायला निघालेल्या बैलासारखी ती नाक खाली घालून उभी होती. तशातच दुर्गाबाई ड्रायव्हरशेजारच्या सीटवर चढून बसली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली.

पुंजाराम मिस्त्रीनं देवमनकडं पाहिलं. गाडीत माणूस असताना काम करायचं नाही, हा त्याचा नियम होता. पण बाळापुरातलं चैत्राचं ऊन, वर लिंबाची सावली आणि म्हातारीला लागलेली झोप. ती मोडायची कुणी? त्यानं गाडीच्या सांगाड्याखाली बाभळीचे आणखी दोन ठोकळे सरकवले, हलवून पाहिले आणि जॅकचा दांडा हातात घेतला.

देवमन हा दुर्गाबाईचा एकुलता एक मुलगा. मिलिटरीच्या लिलावातली ही जीप घेऊन तो गावोगाव सवाऱ्या नेत असे. उद्या नदीपलीकडं, दुर्गाबाईच्या माहेरी, तिच्या भावाच्या नातीचं लग्न होतं. त्या गावात शिरायला वाटा दोन. एक मागची, नाल्यातली, रेतीची आणि सपाट. ती सरळ त्यांच्या वस्तीत निघायची. दुसरी वेशीतून, पाटलाच्या ओट्यासमोरून. कापसाच्या बैलबंड्यांनी त्या वाटेवर पावसाळ्यात खोल चाकोऱ्या पाडलेल्या, आणि काळी माती आता वाळून दगड झालेली. मधल्या वरंब्यावर जीपचं पोट टेकायचं नि चाकं जागच्या जागी फिरत बसायची. म्हणून प्रत्येक स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा घालायचा, टोकाच्या कड्या लांब बसवायच्या आणि गाडी वीतभर उचलायची, असं देवमननं ठरवलं. लोकांना तो सवाऱ्यांचं कारण सांगे. आईला मात्र त्यानं खरं ते सांगितलं होतं. उद्या वेशीतून जायचं, आणि गाडीत बसूनच जायचं.

तेव्हापासून दुर्गाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वेशीपाशी आलं की बंडीतून उतरायचं, पायात काही असलं तर ते हातात घ्यायचं, पाटलाचा ओटा मागं पडला की मग पुन्हा चढायचं, हे ती आईच्या कडेवर होती तेव्हापासूनचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव तिनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते, डोळ्यांतून टिपूस न काढता. देव सुटले. वेशीपाशी आपोआप खाली येणारे पाय काही सुटले नव्हते. नाल्यातल्या वाटेत काय काटे पडलेत का, एवढंच ती दोन दिवस विचारत होती. देवमनही ऐकायला तयार नव्हता. खाण तशी माती, दुसरं काय.

जॅक कुरकुरला. गाडी बोट बोट वर येऊ लागली.

आपण वर चाललो आहोत, हे दुर्गाबाईला झोपेतच कळलं. भीती वाटली नाही. ती ज्वारीच्या शेतातल्या मचाणावर होती. हातात गोफण होती, खाली कणसांचा समुद्र हलत होता आणि पाखरांचा थवा उठून पुन्हा बसत होता. अख्ख्या जन्मात एवढी एकच उंच जागा तिच्या वाट्याला आली होती. शेत पाटलाचं, ज्वारी पाटलाची, आणि वर बसलेली दुर्गी. तिथं तिला कुणी खाली उतर म्हणत नसे. उतरली तरच बोलणी बसायची. पाटील बांधावरून जाताना थांबायचा, डोळ्यांवर हात धरून वर बघायचा आणि पाखरं फार आहेत का, म्हणून विचारायचा. दुर्गी वरूनच उत्तर द्यायची.

पाना वाजला की तिला गोफण सुटल्यासारखं वाटे. मध्येच तिनं डोळे किलकिले केले. बसली तेव्हा समोर नुसती भिंत होती. आता भिंतीवरून किल्ल्याचा बुरूज दिसत होता आणि उन्हात थरथरणारं नदीचं पात्र. हे झोपेतलं की जागेपणीचं, ते तिला कळेना, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. तिला फार बरं वाटत होतं.

चाकं चढली, ठोकळे निघाले. जीप नव्या पाट्यांवर जराशी दबली, डोलली आणि सरळ उभी राहिली. देवमननं ती आवारातच फिरवली, मुद्दाम रचलेल्या मातीच्या वरंब्यावरून नेली. पुंजाराम जमिनीला गाल लावून बघत होता. पोटाला माती लागली नाही, असं त्यानं हात हलवून सांगितलं. देवमननं इंजिन बंद केलं. उडी मारून तो आईच्या बाजूला आला.

"माय, उतर आता."

दुर्गाबाईनं सवयीनं पाय बाहेर टाकला. पाय जमीन शोधत राहिला, जमीन काही लागेना. तिनं वाकून पाहिलं. पुंजारामनं आतून स्टूल आणून खाली ठेवलं, देवमननं हात पुढं केला. तिनं एक पाय स्टुलावर टेकवला आणि तशीच थांबली.

"पुंजाराम, उद्या वेशीपाशी असा स्टूल असन काय?"

पुंजाराम हसला. "तठी कुठला स्टूल, मावशी."

देवमनचा हात तसाच पुढं होता. स्टूल सोबत घे, असं आता ही म्हणते की काय, या भीतीनं तो तिच्या तोंडाकडं बघत होता. दुर्गाबाईनं एकदा स्टुलाकडं पाहिलं, एकदा खाली जमिनीकडं. मग तिनं पाय उचलून आत घेतला आणि पदर सावरून नीट बसली.

"मंग मी तठी उतरू कशी," ती म्हणाली. "गाडीच उंच हाये. त्याले मी काय करू?"