पिवळी रेघ

गच्चीवरच्या लोखंडी पेटीचं दार उघडलं तर आत काळोख. एकही दिवा लुकलुकत नव्हता. दर आठवड्यासारखी आजही वीज सकाळपासून दुरुस्तीसाठी बंद होती. अशा वेळी मोबाइलचं यंत्र बॅटऱ्यांवर चालायला हवं. पण गल्लीतले सगळे फोन पुन्हा मुके झाले होते.

टेक्निशियनने पाना काढला आणि बॅटरीवरचा नट आवळला. अर्धा आटा. दिवे लागले. मीटर बाहेर काढायची वेळच आली नाही.

गच्चीखालच्या खोलीत टेलरकाका एकटेच राहत. शिवणकाम सोडून बरीच वर्षं झाली होती. चहा ओतून, दार उघडं टाकून ते वाट बघत होते.

"झालं?"

"झालं. तोच नट."

"जन्मभर कपडे शिवले, माझं एक बटण सुटलं नाही. तुमचं लोखंड सुटतं म्हणजे कमाल आहे!" मग त्यांची नजर त्याच्या शर्टावर गेली. "हे काय? गेल्या वेळी लावलेलं बटण पुन्हा लोंबतंय? ओढता की काय?"

टेक्निशियन ओशाळून हसला. काकांनी शर्ट काढून घेतला आणि सुई ओवली.

त्याची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. घरी गेल्यावर तो अजून आधी बेल वाजवायचा, मग किल्ली काढायचा. तिचं नाव निघालं की नातेवाईक विषय बदलत. इथे पहिल्यांदा आला तेव्हा बोलता बोलता निघालं, की तिचे कपडे काकाच शिवायचे. तेव्हापासून दर खेपेला काकांना तिचं काही ना काही आठवे.

"बाही सैल ठेवा म्हणायच्या," काका दोरा तोडत म्हणाले. "मी म्हटलं, वहिनी, वाऱ्याने उडून जाल. तर म्हणाल्या, जाऊ दे, आमचे हे शिडी लावून उतरवतील. त्यांना दुसरं येतंय काय?"

तो हसला. मग उरलेला चहा घोट घोट पीत राहिला.

"आणि एकदा तर..."

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातले साहेब. त्यांचा आवाज काकांनाही ऐकू जात होता.

"पुन्हा नट? अहो, तो नट आहे की भोवरा? तो म्हाताराच वर जाऊन फिरवतो, लिहून देतो मी."

"त्यांचे गुडघे गेलेत, साहेब. जिना चढवत नाही."

"ते मला नका सांगू. कुणाचा हात लागतोय असं दिसलं, तर यंत्र समोरच्या टाकीवर हलवतो. विषय संपला."

काकांचा चेहरा उतरला.

"असं करू या, साहेब," टेक्निशियन फोनवर शांतपणे म्हणाला. "नटापासून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढतो. कुणी नट हलवला तर रेघ तुटलेली दिसेल."

"आणि रेघ शाबूत असून बंद पडलं तर?" साहेबांनी विचारलं.

"तर दोष कुणाचाच नाही. यंत्र जुनं आहे."

"ठीक आहे. पण तसं बंद पडलं, तर मात्र दर आठवड्याला तुम्हीच फेरी मारायची. रेघेचा फोटो पाठवा."

काका सुई हातात धरून तसेच बसले होते. "या वयात आळ आला का हो माझ्यावर?"

"तुमच्या केसालाही धक्का लागू देणार नाही," तो शर्ट चढवत म्हणाला. "ते 'एकदा तर' काय होतं?"

"आता नको. लक्षच उडालं. पुढच्या वेळी सांगतो. याल ना?"

"बघू. बंद पडलं तर."

तो वर गेला तोवर वीज आली होती. पेटीतला पंखा घरघरत होता. त्याने पिवळ्या रंगाची बाटली हलवली, कुंचला काढला. फडक्याने नट पुसला, खालची पट्टी पुसली. मग पाना लावून नट अर्धा आटा सैल केला, आणि त्यावरून सरळ, ठळक रेघ ओढली.