सरांच्या चुका

कळव्यातल्या दोन पिढ्यांना जगन सरांनी घरच्या शिकवणीत इंग्रजी शिकवलेलं. अफेक्ट-इफेक्ट, ॲडव्हाइस-ॲडव्हाइज असल्या घोटाळ्याच्या जोड्या समजावण्यात तर त्यांचा हातखंडा. सराव राहावा म्हणून मुलाला, प्रफुल्लला, ते लहानपणापासून इंग्रजीतच लिहायचे. तो कॅनडाला गेला तरी ती सवय सुटली नाही.

पण हल्ली सरांच्या मेसेजमध्ये नेमक्या त्याच जोड्या चुकायला लागल्या. प्रफुल्ल दुरुस्त करून पाठवायचा. शेवटी त्याने आईला व्हॉइस मेसेज टाकला, "आई, बाबा विसरायला लागलेत गं. डॉक्टरला दाखव त्यांना."

सरांच्या बायकोने, शकूने, तो मेसेज दोनदा ऐकला. चहा घेऊन ती गुपचूप सरांच्या मागे जाऊन उभी राहिली. सरांनी मेसेज लिहिला, वाचला, मग त्यातला एक शब्द खोडून दुसरा टाकला. इतकी वर्षं शिकवणी कानावर पडलेली. पहिलाच शब्द बरोबर होता, हे तिलाही कळलं.

"अहो, मुद्दाम काय चुकताय?"

सरांनी फोन उपडा ठेवला.

"बरोबर लिहिलं की तो नुसतं वाचतो गं. चुकलो की उत्तर देतो."