परक्याची बशी

दहापैकी नऊ. जावयाने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. नऊच.

जावई हे त्याचं प्रयोगशाळेतलं नाव. गाईचं बीजांड नुसतं काचेच्या बशीत ठेवलं तर ते भोळसट असतं. परक्या प्राण्याच्या शुक्राणूलाही आत घेतं. तेच गाईच्या गर्भनळीतल्या रसात अर्धा तास भिजवलं की शहाणं होतं. मग दार उघडतं ते फक्त आपल्या प्राण्याला. हे दाखवायला दर वेळी दोन बशा लागत. एकीत वळूचं रेत, दुसरीत परक्याचं. परका कुठून आणायचा, म्हणून त्याने स्वतःचंच गोठवून ठेवलं होतं. तीन वर्षं अखंड नकार. "इतका अपमान गिळून रोज सासरी येणारा जावई मी तरी पाहिला नाही," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणायच्या.

आज नकार नव्हता. दहापैकी नऊ बीजांडांनी त्याला आत घेतलं होतं. वळूच्या बशीत शून्य.

अहवाल उद्या जायचा होता. हे खरं ठरलं तर तीन वर्षं पाण्यात, आणि पाठोपाठ नोकरी.

"बशांची अदलाबदल केली असणार तू," मॅडम म्हणाल्या.

"काचेवर नावं कोरलीत, मॅडम. रसच नासका असणार."

"रस नासला तर दार सताड उघडं राहतं. मग वळू बाहेर कसा?"

त्याला कत्तलखान्यातून आलेला मंगळवारचा माल आठवला. गर्भनळ्या नेहमीच्या निम्म्याच लांबीच्या होत्या. "पाडी होती हो, कोवळी," माल आणणारे काका म्हणाले होते. बीजांडंही रोजच्यासारखी काळपट नव्हती. कशी स्वच्छ, आरपार दिसणारी. त्याने काकांचं कौतुकच केलं होतं.

दोष कुणाच्या तरी गळ्यात बांधणं भाग होतं. त्याने कत्तलखान्याला फोन लावला.

"मंगळवारी कसला माल पाठवलात हो?"

"मंगळवारी?" पलीकडचा जांभई देत म्हणाला. "अहो, गेल्या शुक्रवारपासून कुलूप आहे इथे. एक जनावर कापलेलं नाही. तुमच्या काकांना सांगितलंय की."

जावयाने फोन ठेवला. पुन्हा उचलला. कुणाला लावायचा ते त्याला पटकन सुचेना.

तेवढ्यात दार खांद्याने ढकलून काका आत आले. पायपुसण्यावर नीट पाय पुसले आणि स्टीलचा डबा टेबलावर, दोन्ही बशांच्या मधोमध ठेवला.

"आज जरा उशीर झाला, जावईबापू," ते म्हणाले. "पण हात लावून बघा. अजून कोमट आहे."