सहाचा रीबूट

तज्ज्ञाने पडद्यावरच्या आकड्यावर बोट टेकवलं आणि कचेरीचा संगणक सांभाळणारे यंत्रकाका दोन पावलं मागे सरकले.

नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत लिनक्सवर चालणारं एकच मोठं संगणक-यंत्र. सगळे त्याच्यावरच रेघा ओढायचे. पूर्वी तिथली माणसं इतका वेळ बसत, की खुर्च्यांना पालवी फुटायची बाकी होती. शहरभराचे रस्ते काढणाऱ्या मावशींना स्वतःच्या घराचा रस्ता विचारत जावं लागे. आणि किल्ल्या यंत्रकाकांकडे. शेवटचा माणूस उठेपर्यंत त्यांनाही सुटका नाही.

मग काकांनी युक्ती काढली. रोज चार वाजता ते यंत्राला सहाचा रीबूट लावून ठेवत. लगेच प्रत्येकाच्या पडद्यावर दवंडी: ‘सहा वाजता यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होईल. काम जतन करा.’ सहाच्या आत कचेरी रिकामी! मग काका हळूच एक ओळ टाइप करून रीबूट रद्द करत आणि शीळ घालत घरी जात.

वर्षभर झकास चाललं. पण रोज रीबूट मागणारं यंत्र म्हणजे भंगारच, असं मुख्यालयाला वाटलं. त्यांनी तज्ज्ञ धाडला. आता यंत्र धडधाकट निघालं, तर लबाडी उघडी पडून काका कायमचे घरी.

“बाई,” तज्ज्ञ कचेरीच्या मोठ्या बाईंना म्हणाला, “हे यंत्र चारशे बारा दिवसांत एकदाही बंद झालेलं नाही. रीबूट रोज लागतो, रोज रद्द होतो. या गृहस्थांनी तुम्हाला चक्क बनवलंय!”

“मला बनवणारा अजून जन्मायचाय,” बाई म्हणाल्या. “पहिल्याच आठवड्यात मी छत्री विसरले म्हणून सहाच्या ठोक्याला परत आले होते. दाराला कुलूप, पण आत यंत्र क्षणभरही न थांबता मजेत घुमत होतं.”

“मग बोलला का नाहीत?” काकांनी विचारलं.

“बोलून पुन्हा नऊपर्यंत बसू? मी सगळ्यांना उठा म्हटलं, तर वरून जाब येतो. यंत्राला कोण जाब विचारणार?” त्या तज्ज्ञाकडे वळल्या. “तुम्ही लिहा, रोजच्या काळजीमुळेच यंत्र इतकं ठणठणीत आहे.”

तज्ज्ञाने घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहा. घर त्यालाही होतं. त्याने तसंच लिहिलं आणि पिशवी उचलली.

काकांनी किल्ल्या उचलल्या.

“आणि काका,” जाता जाता बाई म्हणाल्या, “उद्यापासून साडेपाचचा लावा. माझी नात रांगायला लागलीय.”