मधली चिंचोळी पट्टी

आमच्या अबोल्याचा चौथा दिवस होता. बायको स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. येरझाऱ्या घालून मी वैतागलो आणि दहा वर्षांच्या लेकीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनवरच्या गेममध्ये दोन बलाढ्य राज्यं होती, दोन्ही कॉम्प्युटरची. मधली चिंचोळी पट्टी तिची.

“त्या दोघांना आपसात झुंजव. आरामात जिंकशील.”

“छे बाबा! ते लढले की सैन्य माझ्याच शेतांतून जातं.” तिचा माउस थांबत नव्हता. “मी दोघांना भेटी पाठवते. याला त्याच्या नावाने, त्याला याच्या नावाने.”

आत ताट आदळलं. माझी नजर अंगातल्या शर्टाकडे गेली. “आईने इस्त्री करून ठेवलाय,” सकाळी लेकीनेच सांगितलं होतं. कॉलरच्या चुण्या तशाच होत्या.

माउसवरच्या तिच्या बोटाला भाजल्याचा फोड होता.